परत आलेली पेनं

साठ पेनं वाटली होती, एक्केचाळीस परत आली.
दत्तवाडीतल्या त्या संवादाबद्दल
एवढाच आकडा मी छातीठोकपणे सांगू शकते.
बाकीचे आहेत, टक्क्यांत आहेत, रंगीत आहेत,
अहवालाच्या पान बावीसवर.

महापालिकेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात,
गुडघे हनुवटीला टेकतील अशा बाकांवर
माणसं बसली होती.
फळ्यावर पुसट उरलेला बेचा पाढा,
त्याच्यावरच प्रोजेक्टरचा डास, म्हशीएवढा.
डॉ. यामिनी चांदोरकर सांगत होत्या,
हा चावेल, पण डेंगी सहसा देणार नाही,
याच्या अंगात एक जिवाणू घातलाय,
तुमच्या वस्तीत सोडायचा का,
ते तुम्हीच सांगा.

'तुम्हीच सांगा'वर मी टिक केली.
सहभागाचं आवाहन : आढळले.

मी शेवटच्या बाकावर, स्टॉपवॉच आणि तक्ता घेऊन.
कोण बोललं, किती वेळ, कुणी कुणाला तोडलं.
तज्ज्ञ बेचाळीस मिनिटं, नागरिक एकोणीस,
त्यातली सात एकट्या निवृत्त तलाठ्यांची,
ज्यांना मुठेच्या पुराबद्दल बोलायचं होतं
आणि ते त्याबद्दलच बोलले.

मग शेवंता ओव्हाळ उठल्या,
हात वर न करता.
"बाई, आमच्याकडंच का सोडायचे?
प्रभात रोडला डास नाहीत व्हय?"

सतरा सेकंद.
पंखा कुरकुरत होता.
बाहेर कुणीतरी स्कूटर किकवर किक मारत होतं.
चांदोरकरबाईंनी तोंड उघडलं, मिटलं,
स्लाइड एक मागे नेली, पुन्हा पुढे आणली.
माझ्या तक्त्यात गप्प बसण्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं : १७.
टायपिंगवाल्याला तो पान क्रमांक वाटला.
त्यानं काढून टाकला.

शेवटी फॉर्म.
'आजच्या कार्यक्रमानंतर विज्ञानावरील आपला विश्वास वाढला का?
एक ते पाचपैकी एका अंकाला गोल करा.'
पंक्चरवाले इस्माईल तांबोळी तीनला गोल करून म्हणाले,
"तीन म्हणजे अर्धा भरोसा ना मॅडम?
मग मच्छरदाणी लावायची, का अर्धीच लावायची?"
हसले सगळे. मीही.
विनोदाचं वातावरण : आढळले.

सरासरी चार पूर्णांक दोन आली.
मधल्या सुट्टीतल्या साबुदाणा वड्याचा वाटा
त्यातून वजा करायची पद्धत
अजून कुणाला सापडलेली नाही.

सात महिन्यांनी पुन्हा गेले,
'दीर्घकालीन परिणाम' नावाचं प्रकरण उरलं होतं.
शेवंताबाई उंबऱ्यात मेथी निवडत होत्या.
मी विचारलं, मत काही बदललं का तुमचं?
त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.
"आमचं इचारून झालं की तवाच.
त्या बाईंचं बदललं का, ते इचारलं का कुणी?"

मी फाइल चाळली. उगीचच.
असा फॉर्म आम्ही छापलाच नव्हता.

रात्री चांदोरकरबाईंना फोन केला.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
नकाशा भिंतीवरच आहे अजून. दत्तवाडीभोवतीचा लाल गोल
कुणी काढला होता ते मी शोधतेय.
मीच काढला होता बहुतेक.
मग म्हणाल्या, हे अहवालात नको.
अहवालात नाही.

आणि एक राहिलंच.
शेवंताबाईंच्या दारामागे कॅलेंडर होतं,
त्याच्या कोऱ्या पाठीवर वाकड्या अक्षरांत यादी :
कुणाच्या घरी ताप, कुठल्या तारखेला,
टाकी उघडी होती का झाकलेली.
सव्वीस नावं. आमच्याच निळ्या पेनानं.
हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं,
म्हणजे आमच्या भाषेत
उद्दिष्टांत समाविष्ट नाही.

सव्विसावं नाव फिकट होतं, शाई संपत आलेली.
मी पर्समधून दुसरं पेन काढून दिलं.
मूल्यमापकाने असं करायचं नसतं.
नोंद दुरुस्त करते :
साठ वाटली, चाळीस परत.